गरुडपथकाचा खोगीरदार

गरुडपथक नावाचं काही कधी अस्तित्वात नव्हतं. आमच्या शाळेच्या गुरुजींनी गावच्या जत्रेतल्या नाटकासाठी ते डोक्यातून काढलं होतं. सात स्वार, त्यांचे सात हुद्दे आणि त्या हुद्द्यांचे कडक नेम. पण त्या हुद्द्यांवरून गावात जी चुरस लागली, ती मी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतही पाहिली नाही. हे मी ठामपणे सांगते, कारण सातही स्वारांचे शेले आमच्या घरात शिवले गेले आणि त्यांच्या कडांची हातशिलाई माझ्याकडे होती.

आमचं गाव निमगाव सावाच्या अलीकडचं. माझे वडील, तात्या, गावातले एकुलते एक टेलर. जातीने आम्ही मेंढपाळ. चुलते दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरायचे आणि मिरगाच्या आधी कोकणातून परत यायचे. तात्यांचा डावा पाय लहानपणी तापात गेला. मेंढरांमागे चालणं त्यांच्याच्याने होणार नाही हे दिसल्यावर आजोबांनी त्यांना नारायणगावात एका टेलरकडे ठेवलं. तिथे तमाशाच्या फडांचे कपडे यायचे. राजाचा अंगरखा, प्रधानाची विजार, नाच्याचा सदरा, सगळं तात्यांच्या हाताखालून गेलं. आणि तिथेच त्यांना ते वेड लागलं. रंगमंचावर काय बोलतात, कसं उभं राहतात, कुठे थांबतात, हे सगळं त्यांना पाठ असायचं. गावात कोणी चिडवलं, की ते म्हणायचे, "राजं लई शिवलं, राजा व्हायचं तेवढं ऱ्हायलं." लोक हसायचे आणि तात्याही हसायचे.

दोन हजार सालानंतरची ती दोन-चार वर्षं. त्यांतल्या एका उन्हाळ्यात मी बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत घरी बसले होते. त्या काळात रात्री लाईट नसायची, म्हणून जत्रेचं नाटक दिवसा, उन्हं कलल्यावर करायचं असं मंडळाने ठरवलं. आदल्या वर्षी ऐतिहासिक नाटक घेतलं होतं. राजा वरच्या आळीचा की खालच्या आळीचा, यावरून ते तालमीतच मोडलं. दोन्ही आळ्या एकाच आडनावाच्या, एकाच भावकीच्या. पालखीपुढे कोणी चालायचं, यावरून त्यांचं भांडण पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं होतं. गुरुजी सोलापूरकडचे, गावात नवे. त्यांना वाटलं, इतिहास घेतला म्हणून भांडण झालं. राज्यच खोटं घेतलं, तर भांडायचं कशावरून? माणूस शिकलेला होता आणि मनाने फार चांगला होता.

तर गरुडपथक. सर्वांत वर पथकधनी. त्याच्या खाली निशाणधारी, मग खड्गधारी, ढालकरी, भालाईत, वाटाड्या. आणि सर्वांत खाली खोगीरदार, म्हणजे बाकीच्यांची खोगिरं वाहणारा. घोडे नव्हतेच, ते प्रेक्षकांनी समजून घ्यायचे होते. पथकाचे नेम गुरुजींनी मोठ्या हौसेने बांधले होते. वरच्याने पाहिल्याशिवाय खालच्याने तोंड उघडायचं नाही. वरच्याने दिलेला घास खालच्याने नाकारायचा नाही. माघार घ्यायची वेळ आली, तर खालचे आधी निघणार आणि पथकधनी सर्वांत शेवटी. हुद्दा ओळखायचा तो शेल्याच्या रुंदीवरून. पथकधन्याला सॅटिनचा पूर्ण पन्ह्याचा, म्हणजे कापडाच्या अख्ख्या रुंदीचा शेला, मग एकेकाचा थोडा थोडा अरुंद आणि खोगीरदाराला नाडीएवढी पट्टी.

पथकधनी झाले वरच्या आळीचे डेअरीचे चेअरमन. खालच्या आळीचे द्राक्षबागवाले अण्णा निशाणधारी झाले, पण दोघांनी समोरासमोर बसायचं नाही आणि अण्णांच्या हातातलं निशाण चेअरमनच्या डोक्यापेक्षा उंच असलं पाहिजे, अशा अटीवर. बाकीचे हुद्दे दोन्ही आळ्यांनी काटा धरून वाटून घेतले. खोगीरदाराला मात्र माणूस मिळेना. ज्याला विचारावं तो म्हणे, "मी काय खोगीरभरतीला हाय का?" शेवटी गुरुजी एका संध्याकाळी दुकानात आले आणि अवघडून म्हणाले, "टेलर, एक बारीक काम आहे. चारच वाक्यं आहेत. पण पाय..."

तात्यांनी त्यांना पुढचं बोलूच दिलं नाही. "करतो की," ते म्हणाले.

त्या दिवसापासून आमच्या घरात मशीनच्या आवाजाबरोबर ती चार वाक्यं सुरू झाली. "धनी, घोडी गेली. निशाण गेलं. वाट सुटली. खोगीर अजून माझ्या खांद्यावर आहे." तात्यांनी बारदान कापून, आत चिंध्या भरून स्वतःच खोगीर शिवलं. ते खांद्यावर घेऊन दुकानाच्या दारापासून चुलीपर्यंत चालायची सवय केली. लंगडत चालणारा माणूस ओझं घेऊन चालला, की ते लंगडणं ओझ्याचंच वाटतं, हे त्यांना कळलं होतं आणि त्याचा त्यांना भारी आनंद झाला होता. आई म्हणायची, "आवं खोगीरदार, जरा पिठाचा डबा बी तेवढा उचला." एरवी ते अशा थट्टेला उत्तर द्यायचे. त्या दिवसांत त्यांना ती ऐकूच यायची नाही.

मग शेल्यांचं प्रकरण सुरू झालं. मोजमापं गुरुजींनी देऊन ठेवली होती. पण एकेक स्वार एकेकटा दुकानात यायचा, इकडे तिकडे बघायचा आणि हळूच म्हणायचा, "टेलर, शेला जरा अंग भरून कर राव. पावणं येनारेत बगाया." वाटाड्याला भालाईताएवढा हवा होता, भालाईताला ढालकऱ्याएवढा. ढालकरी खालच्या आळीचा आणि खड्गधारी वरच्या, म्हणजे तिथे तर एका बोटाचा फरकही चालण्यासारखा नव्हता. तात्या सगळ्यांना हो म्हणायचे. नारायणगावहून दोनदा सॅटिन आणावं लागलं. शेवटी गुरुजी बघायला आले, तेव्हा सहाच्या सहा शेले पूर्ण पन्ह्याचे झाले होते.

"अहो टेलर," गुरुजी कपाळाला हात लावून म्हणाले, "आता हुद्दे कसे कळणार?"

"गावाला ठावं हायेत की गुरुजी," तात्या म्हणाले.

स्वतःची पट्टी त्यांनी नाडीएवढीच ठेवली. तिला मी कड घालत होते, तेव्हा मी म्हटलं, तुम्हीही थोडी रुंद करा, कोणाला कळतंय? तर ते चक्क रागावले. ज्याला हुद्दा मिळाला त्याने तो नीट घालावा, असं त्यांचं म्हणणं. मला वाटतं, अख्ख्या गावात गरुडपथकाचे नेम खरे मानणारी दोनच माणसं होती. एक ते लिहिणारे गुरुजी आणि दुसरे तात्या.

ती चार वाक्यं सोडली, तर गुरुजींनी शेवटचा अंक तोवर लिहिला नव्हता. जत्रा आठवड्यावर आली, तेव्हा त्यांनी तो शाळेच्या व्हरांड्यात सगळ्यांना वाचून दाखवला. त्यात शत्रू चाल करून येतो आणि पथकाचे नेम एकेक करून मोडतात. सगळ्यांत आधी पथकधनीच पळतो, मागोमाग बाकीचे. जागेवर उरतो तो एकटा खोगीरदार. खिंड तो राखतो. परत आलेले सहा स्वार ओशाळतात, आपले शेले त्याच्या पायाशी ठेवतात, गुडघ्यावर बसतात आणि माना खाली घालतात. तो "उठा" म्हणेपर्यंत कोणी मान वर करायची नाही. मग पथकधन्याची तलवार खोगीरदाराच्या हातात येते आणि पडदा. तात्या घरी आले ते धूळ झटकायचंही विसरून आईला म्हणाले, "अगं, शेवट समदा माझाच हाय."

हे वाचन व्हरांड्यात बसलेल्या बाकीच्या सहांनीही ऐकलं होतं, एवढं तात्यांच्या लक्षात राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा दुकानात आले. कधी नव्हे ते बाकावर टेकले, चहा घेतला, माझ्या निकालाची चौकशी केली.

"टेलर, त्या खोगीरदाराचं म्हनत व्हतो," ते म्हणाले. "तुजा पाय ह्यो असा. शेवटच्या परवेशात लई येळ उभं ऱ्हावं लागतंय. गावासमोर काय झालं म्हंजी बरं दिसंल का?"

"उभा ऱ्हातो की अण्णा. सवय केलीया."

"न्हाई, आमाला काळजी वाटती. गुरुजींस्नी सांगितलंय मी. निशाण पुतन्या धरंल." आणि अण्णा उठून उभे राहिले, त्यांनी दोन्ही हात बाजूला उचलले आणि म्हणाले, "घे माप."

तात्यांनी हातातली कात्री खाली ठेवली. मग गळ्यातली टेप काढली. मी माप लिहून घेत होते. छाती, पोट, खांदा, बाही. अण्णा तात्यांच्या दुप्पट होते. आधीचा अंगरखा उसवून वाढवता येण्यासारखा नव्हता, म्हणजे नवाच कापावा लागणार होता. खोगीरदाराची पट्टी अण्णांनी आधीच बघून ठेवली होती. "आन हे काय नाडीवानी? शेला घाल," जाता जाता त्यांनी सांगितलं.

आई भाकऱ्या थापत होती. तिने सगळं ऐकलं होतं. "आन तुमी माप घेतलं?"

"मंग काय कात्री मारू त्येला?" तात्या म्हणाले. मग खडू हातात घेत म्हणाले, "गावात ऱ्हायचंय आपल्याला."

मी गुरुजींवर चिडले, अण्णांवर चिडले आणि सगळ्यांत जास्त तात्यांवर. तसं त्यांना बोलूनही दाखवलं. ते कापड आखत होते. "कपड्यानं काय केलंय? बटनं नीट लाव," एवढंच म्हणाले. त्या आठवड्यात मशीन चालू असायचं, पण ती चार वाक्यं बंद झाली. मला त्या वाक्यांचा कंटाळा आला होता, असं मी आधी म्हणत असे. आता घरात ती नव्हती, तर मला चैन पडेना.

नाटकाच्या दिवशी देवळापुढचं पटांगण भरून गेलं. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, वरची आळी डावीकडे, खालची उजवीकडे. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या जोडून रंगमंच केला होता आणि पुढे दोन जमखाने शिवून केलेला पडदा. तात्या आणि मी मागे होतो. जत्रेच्या नाटकात कपडे नेहमी फाटतात, त्यामुळे सुई-दोरा घेऊन टेलरने मागे बसायचं, हे ठरलेलंच. पहिले दोन अंक झकास झाले. सहा रुंद शेले आणि सातवा जोड देऊन त्याहून रुंद, असं ते गरुडपथक उन्हात नुसतं झगमगत होतं. कोण कोणाच्या वर आहे हे बाहेरच्या पाहुण्यांना शेवटपर्यंत कळलं नसावं.

मग शेवटचा प्रवेश आला. अण्णा खोगीर खांद्यावर घेऊन मधोमध उभे. सहा स्वार परत आले. इथे त्यांनी गुडघे टेकायचे होते. कोणी टेकेना. चेअरमन ताठ उभे राहून समोर देवळाच्या कळसाकडे पाहत होते. तालमीत ते वाकले होते, पण तालमीत गाव नव्हतं. ते वाकत नाहीत म्हटल्यावर वरच्या आळीचे दोघे वाकेनात. खालच्या आळीचे वाकायला लागले होते, पण फक्त आपणच वाकतोय हे पाहून तेही सरळ झाले. लोकांना आधी वाटलं, हे नाटकातलंच आहे. मग डावीकडून एक शिट्टी आली आणि कोणीतरी घाईने पडदा ओढला.

पडद्यामागे एकच गोंधळ. गुरुजी अक्षरशः हात जोडत होते. "अहो चेअरमनसाहेब, हे कल्पित आहे. असं राज्य नाही, असं पथक नाही. सगळं खोटं आहे!"

"राज्य खोटं हाय गुरुजी," चेअरमन म्हणाले, "पर बगनारी मानसं खरी हायेत. आज हितं वाकलो, की उद्या पालखीला ह्येच म्होरं हुबं ऱ्हातील."

"कोन वाकतंय ते बगतोच मी," अण्णा म्हणाले, पण त्यांनाही समजलं होतं की आज कोणी वाकणार नाही. समोर सगळं गाव आणि आपण खोगीर घेऊन उभे, अशी त्यांची गत झाली होती.

तेवढ्यात चेअरमनची नजर मागे बसलेल्या तात्यांवर गेली. "टेलरला उभा करा की. ह्येच्याम्होरं वाकतो आमी. टेलरम्होरं वाकाया आपलं काय जातंय?"

अण्णांनीही लगेच मान डोलावली. "व्हय, टेलरम्होरं काय न्हाई." त्यांनी खोगीर उतरवलं आणि अंगरख्याची बटणं सोडायला सुरुवात केली. दोन्ही आळ्यांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. कोणाच्या आवाजात हेटाळणी नव्हती. सगळे सुटल्यासारखे हसत होते. एकाने तर तात्यांच्या पाठीवर थाप मारली, "ऊठ टेलर, तुजंच काम व्हतं की मुळात." मला ते हसणं थपडेसारखं लागलं. माझ्या हातात टाचण्यांची डबी होती आणि ती कोणाच्या तरी अंगावर फेकावी असं फार मनात आलं.

तात्या हातातली सुई बघत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते नाही म्हणतील असं मला वाटलं. म्हणावं, असं मला फार वाटत होतं. पण त्यांनी सुई दोऱ्याच्या रिळात खोचली, ट्रॉलीच्या कडेला धरून उठले आणि अण्णांचा अंगरखा अंगात घातला. तो त्यांच्या खांद्यांवरून खाली ओघळत होता. मी बाह्या टाचायला पुढे झाले, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

पडदा उघडला. ढगळ अंगरखा आणि खांद्यावर खोगीर घेऊन तात्या मधोमध आले. लोक हसले. हसण्यासारखं ते दिसतच होतं. मग त्यांनी चार वाक्यं म्हटली. घरी म्हणायचे तशी नाही, एकदम हळू, समोरच्याशी बोलावं तशी. "खोगीर अजून माझ्या खांद्यावर आहे," हे वाक्य आलं, तोवर बायकांच्या बाजूचं हसणं थांबलं होतं. मग चेअरमन पुढे झाले आणि गुडघ्यावर बसले. दोन्ही आळ्यांचे सहाही जण बसले, शेले तात्यांच्या पायाशी ठेवले आणि माना खाली घातल्या. टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्या.

तात्या बोलले नाहीत.

त्यांनी खोगीर सावकाश खांद्यावरून उतरवून खाली ठेवलं. अंगरख्याची एक बाही वर सरकवली, मग दुसरी. दुखऱ्या पायावरचं वजन काढून चांगल्या पायावर घेतलं आणि समोर डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. सहा माना खालीच होत्या. आता वर करणंही अवघड होतं, कारण 'उठा' ऐकल्याशिवाय मान वर करायची नाही, हा नेम सगळ्या गावाला नाटकातच सांगून झाला होता. माझ्या शेजारी उभे असलेले गुरुजी कुजबुजले, "विसरले की काय?" ट्रॉलीवरून चेअरमनचा दबका आवाज आला, "टेलर, म्हन की." तात्यांनी त्यांच्या डोक्याकडे पाहिलं. पटांगणात कोणी हसत नव्हतं, लहान पोरंसुद्धा गप्प झाली होती. "टेलर," चेअरमन पुन्हा म्हणाले, आणि या वेळी तो आवाज वेगळा होता. मागे उभे असलेले अण्णा बाजूला ओढलेल्या पडद्याआडून बघत होते, त्यांच्याही चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

मग तात्या म्हणाले, "उठा."

सगळे उठले. कोणी तात्यांकडे पाहिलं नाही. तलवार द्यायची राहूनच गेली आणि पडदा पडला.

घरी आल्यावर आईने पाय शेकायला पाणी ठेवलं. ती बायकांमध्ये पुढेच बसली होती. पाणी पायावर सोडता सोडता ती म्हणाली, "उठा म्हनाया एवढा येळ लावला ते? इसरला व्हता?"

"न्हाई," तात्या म्हणाले.

आईने तांब्यात आणखी गरम पाणी घेतलं. त्यांचा पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता. ती बराच वेळ शेकत राहिली.